तेरवीनंतरचं भजन

आपल्या झरी जामणी तालुक्यात घरात मयत झाली की गाव धावून येतं, हे कोणाला सांगावं लागत नाही. कोणी लाकडं गोळा करतो, कोणी तिरडी बांधतो. त्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारणी पिठलं-भाकर घेऊन येतात. रात्री भजनी मंडळ टाळ-मृदंग घेऊन अंगणात बसतं. कुठे दहा दिवस, कुठे तेरा दिवस ही बैठक चालते. चौदाव्या दिवशी मंडप उतरतो, सतरंज्या बिछायतवाल्याकडे परत जातात, पाहुणे सकाळच्या एसटीने निघतात आणि त्या घरावर जी शांतता उतरते ती वर्षभर उठत नाही.

शेतीविस्ताराच्या कामात आम्हाला घरोघर जावं लागतं. बियाण्याचं वाटप असो, बोंडअळीची पाहणी असो की नुकसानीचा पंचनामा असो, पाटण, मुकुटबन, माथार्जुन, शिबला या भागात असं एकही गाव नाही जिथे चार-दोन घरं अशी शांत झालेली नाहीत. कोणाला पऱ्हाटीत साप चावला, कोणी वीज पडून गेला, कोणी मोटारसायकलवरून येताना गेला, कोणी आजाराने गेला, आणि काहींनी स्वतःच जीव संपवला. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन आपल्या जिल्ह्यात वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर दगावले, हे कोणी विसरलेलं नाही. बातमी होते, पुढारी येऊन जातात, मदतीचे कागद फिरतात. पण पुढच्या मृगात त्या घरची बाई एकटी सरकी टोबायला जाते तेव्हा तिच्याशी कोण बोलतं? कागदाची विचारपूस तलाठी करतो, ग्रामसेवक करतो, आम्हीही करतो. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा योजनेत दोन लाख रुपये मिळतात. ते मिळायलाच पाहिजेत आणि त्याचा अर्ज वेळेत तालुका कृषी कार्यालयात गेला पाहिजे. पण माणसाच्या विचारपुशीसाठी अर्जाचा नमुना नाही.

आज या पानावर बियाणं, खत, बोंडअळी सोडून भजनाबद्दल लिहितो आहे. एखाद्याला वाटेल, कृषी खात्याच्या माणसाला हे कोणी सांगितलं? माझं म्हणणं साधं आहे. गावागावांत टाळ आहेत, खंजिरी आहे, पेटी आहे, गाणारे आहेत. दुःखात बुडालेल्या माणसाला परत माणसांत आणायला याहून स्वस्त आणि जवळचं साधन आपल्याकडे दुसरं नाही. आपण ते तेरा दिवस वापरतो आणि ज्या दिवशी त्याची खरी गरज सुरू होते नेमकं त्याच दिवशी गुंडाळून ठेवतो.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. आपल्याच मातीत हे जुनं आहे. आपल्या तालुक्यात गोंड, कोलाम, परधान समाज मोठा आहे. परधान म्हणजे गोंडांचे परंपरागत गायक. हातात किंगरी घेऊन गोंडांच्या कुळांच्या, देवांच्या, पूर्वजांच्या कथा गायच्या हे त्यांचं काम. गोंडाच्या घरी मृत्यू झाला की पुढच्या विधीत परधान येऊन गायचा, वाजवायचा आणि मोबदल्यात मृताचे कपडे, वापरातल्या वस्तू त्याला मिळायच्या. विचार करून पाहा, काय बुद्धीने ही रीत बसवली असेल. गेलेल्या माणसाची वस्तू घरात डोळ्यांसमोर राहत नाही, ती गाणाऱ्याच्या हाती जाते आणि त्याच्या गाण्यात त्या माणसाला कुळाच्या पूर्वजांमध्ये जागा मिळते. घरच्यांना एकट्याने रडावं लागत नाही. आज परधान समाजाची मुलं शिकली, नोकरीला लागली, ही आनंदाचीच गोष्ट. किंगरी वाजवणारे मात्र फार थोडे राहिले.

आपल्या दक्षिणेला पैनगंगा आणि पलीकडे आदिलाबाद. क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हैमेनडॉर्फ नावाचे मूळचे ऑस्ट्रियाचे अभ्यासक १९४० च्या दशकात तिकडच्या मार्लवाई गावात गोंडांमध्ये राहिले आणि १९४८ मध्ये त्यांनी राज गोंडांवर ग्रंथ काढला. परधानांच्या गाण्याबद्दल आणि मरणाच्या विधींबद्दल त्यात बरंच आहे. त्यांच्या पत्नी बेटी १९८७ साली हैदराबादला वारल्या, तेव्हा त्यांना मार्लवाईतच माती दिली. दरवर्षी तिथले गोंड त्यांचा दिवस पाळतात. परक्या देशातल्या बाईला एका आदिवासी गावाने आपल्या मृतांत घेतलं आणि अजून तिची आठवण काढतात. आपल्या गावात मात्र शेजारच्या घरचा वर्षाचा दिवस किती जणांना आठवतो?

दंडारीचंही तसंच. दिवाळीत एका गावचं पथक दुसऱ्या गावाला जातं, तिथे त्यांचं जेवणखाण होतं, रात्रभर ढोल वाजतो, ढेमसा नाचतात. त्या फेऱ्यात कोणाच्या घरी काय झालं हे गावोगाव कळतं. हा नुसता करमणुकीचा कार्यक्रम आहे असं समजणाऱ्याने एकदा पोडावर रात्र काढून पाहावी.

संतांचं पाहू. देहूच्या तुकोबांच्या घरी दुकान होतं, शेती होती, सावकारीही होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली बायको गेली, मुलगा गेला, धंदा बसला. असा बुडालेला माणूस काय करतो? त्यांनी गावातलं पडकं देऊळ नीट केलं आणि तिथे कीर्तनाला उभे राहिले. आधी दुसऱ्याच्या मागे उभं राहून धृपद धरलं, मग स्वतःचं सुरू झालं. आपल्याला नंतरचे मोठे तुकोबा माहीत आहेत. दुसऱ्याच्या मागे उभा राहून धृपद धरणारा तो दुःखी कुणबी मला जास्त जवळचा वाटतो.

गाडगेबाबांची गोष्ट तर वऱ्हाडात पोरासोरांना ठाऊक आहे. १९२३ साली कोकणात खारेपाटणला कीर्तन चालू असताना त्यांचा एकुलता मुलगा गोविंदा वारल्याचा निरोप आला आणि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. ही गोष्ट सांगून काही महाराज लोक दुःखी माणसालाच झाडतात, की पाहा बाबा रडले नाहीत आणि तू काय रडत बसला. हे बरोबर नाही. बाबा त्या वेळी शेकडो माणसांच्या मध्ये उभे होते, त्यांच्या हाकेला लोक ओ देत होते. आपला माणूस अंधाऱ्या खोलीत भिंतीला टेकून एकटा बसलेला असतो. फरक तिथे आहे.

आणि तुकडोजी महाराज. त्यांच्याशिवाय आपल्या भागात भजनाचा विषय निघूच शकत नाही. १९०९ साली यावलीला जन्म, १९३५ मध्ये मोझरीला गुरुकुंज आश्रम. एका खंजिरीवर त्यांनी गावंच्या गावं उभी केली. त्यांनी सामुदायिक प्रार्थना घालून दिली. ठरलेली वेळ, सरळ रांगा, सगळे एका सुरात आणि मध्ये मौन. या मौनाकडे माझं लक्ष फार उशिरा गेलं. गाण्याच्या मध्ये शांत बसणं आणि घरात शांत बसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. ११ ऑक्टोबर १९६८ ला महाराज गेले. तेव्हापासून मोझरीच्या पुण्यतिथी महोत्सवात दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी लाखो माणसं जागच्या जागी स्तब्ध उभी राहतात. गाड्या थांबतात. ज्यांनी महाराजांना पाहिलंही नाही अशी तरुण पोरं त्यात असतात. मी एकदा त्या गर्दीत उभा होतो. माझ्या बाजूला एक म्हातारे गृहस्थ डोळे पुसत होते. महाराजांसाठीच असेल, की घरचं कोणी असेल, मी विचारलं नाही. अशा ठिकाणी कोणी विचारत नाही, हाच तिथला मोठा आराम आहे.

वामनदादा कर्डकांसारख्या (१९२२-२००४) गायकांचं नावही इथे घेतलं पाहिजे. ६ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेब गेले, तेव्हा सगळ्या समाजाचाच बाप गेला. त्या दुःखातून माणसं उभी राहिली त्यात गावोगावच्या गायन पार्ट्यांचा, जलशांचा वाटा मोठा आहे. कंदिलाच्या उजेडात, बैलगाडीवर पेटी ठेवून लोक रात्रभर ऐकत. आजही आपल्या वस्त्यांत कोणी गेलं की पुण्यानुमोदनाच्या दिवशी गाणारी मंडळी बोलावतात. तिथे बाया पुरुषांच्या बरोबरीने गातात. बाकीच्या समाजाने ही गोष्ट डोळे उघडून पाहावी.

बायांनी कुठे रडायचं?

आता अवघड ठिकाणी आलो. भजनी मंडळं बहुतेक पुरुषांची. महिला मंडळं आहेत, काही फार छान गातात, पण ज्या बाईचा नवरा गेला तिने वर्षभर कुठे जायचं नाही असा अलिखित कायदा आहे. हळदीकुंकू नाही, लग्न नाही, सण नाही. ठीक आहे, ज्याची त्याची रीत. पण भजन हा सण आहे का? कोणत्या पोथीत लिहिलं आहे की दुःखी बाईने देवाचं नाव घ्यायला चार बायांत बसू नये? पुरुषाची बायको गेली तर तो महिनाभरात पारावर येऊन बसतो. त्याला कोणी काही म्हणत नाही.

पूर्वी बाईला निदान जातं तरी होतं. पहाटे दोघी जावा किंवा सासू-सून दळायला बसायच्या. माहेर, भाऊ, गेलेली माय, सासरचा जाच, सगळं ओवीतून बाहेर पडायचं. अंधार असायचा, जात्याचा आवाज असायचा, डोळ्यांतलं पाणी कोणाला दिसायचं नाही. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून अशा एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, आणि २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात. गावात पिठाची गिरणी आली, बाईचे खांदे सुटले, फार चांगलं झालं. जातं परत आणा असं म्हणणारा मी नाही, ज्याला हौस असेल त्याने एक पायली दळून पाहावी. पण गिरणीबरोबर बायांची रडायची जागाही गेली आणि तिच्या बदली आपण काहीच दिलं नाही.

बाई चार लोकांत उभी राहिली की काय होतं याचं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. श्याम पेठकर यांनी लिहिलेलं आणि हरीश इथापे यांनी बसवलेलं ‘तेरवं’ हे नाटक पुष्कळांनी पाहिलं असेल. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या बायकाच त्यात काम करतात. त्यांच्यातल्या वैशाली येडे, कळंब तालुक्यातल्या राजूरच्या, यांच्या हस्ते ११ जानेवारी २०१९ ला यवतमाळच्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं उद्घाटन झालं. नाटकाचं नावच पाहा. तेरवीला समाज ज्यांचा विषय संपवतो, त्या बाया तेरवीपासून बोलायला लागल्या. नाटक आणि भजन वेगळं असेल, पण आधी एकत्र बसणं, तालीम करणं, एकमेकींची वाट पाहणं, हे सारखंच.

पेन ड्राइव्ह आणि माणूस

हल्ली एक नवीन पाहतो. तेरवीला भजनी मंडळाऐवजी मोठा स्पीकर लावतात आणि त्यात पेन ड्राइव्ह. आवाज खणखणीत, गायक नामांकित, सूर पक्का. मंडपात मात्र कोणी नाही. दोन कुत्री आणि आचारी. घरचे आत आहेत, पोरं मोबाइलवर आहेत. कारण विचारलं तर म्हणतात, मंडळ बोलावलं की त्यांचा चहा-पाणी, जेवण, शिवाय आता गाणारे राहिलेच कुठे.

आपल्या गावच्या मंडळाचा सूर बेसूर असेल, पेटीची एक पट्टी दबत नसेल, मृदंगवाला मध्येच तंबाखू मळायला थांबत असेल. तरीही पेन ड्राइव्ह त्याची बरोबरी करू शकत नाही, कारण पेन ड्राइव्हला आपल्या घरी यावं लागत नाही. दिवसभर कापूस वेचून थकलेला माणूस रात्री आठला तुमच्या अंगणात येऊन टाळ वाजवतो, त्यातच त्याचं सांत्वन आलेलं असतं. त्याला वेगळं बोलावं लागत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या लोकांना सांत्वनाचं बोलता येत नाही. “जे झालं ते झालं, नशिबात होतं” यापलीकडे आपली गाडी जात नाही. गाण्याने ती अडचण सुटते.

दुसरं असं की ऐकण्यापेक्षा गाण्यात गुण जास्त आहे. तोंडाने म्हणायला लागलं की श्वास लांब होतो, सगळ्यांचा श्वास एका लयीत येतो. हे नुसतं आपलं म्हणणं नाही. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या अभ्यासकांनी २०१५ मध्ये पाहिलं की नवीन माणसांचे गट केले, काहींना समूहगान शिकवलं, काहींना हस्तकला किंवा लेखन, तर गाणाऱ्यांची आपसांत जवळीक सगळ्यांत लवकर झाली. लंडनमध्ये कर्करोगाने घरचं माणूस गेलेल्या लोकांवरचा एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातले काही दर आठवड्याला गायनमंडळात जात, काही जात नसत. जाणाऱ्यांची उदासी वाढली नाही आणि स्वतःवरचा विश्वास हळूहळू वाढत गेला. मुद्दा हळूहळू या शब्दाचा आहे. तो अभ्यास सहा महिन्यांचा होता. आपण तेरा दिवसांत उरकतो.

आता एका गावाचं सांगतो. घरच्यांची इच्छा नाही म्हणून गावाचं नाव देत नाही, आपल्याच तालुक्यातलं आहे. मंडळ जुनं. पेटीवर एक बुवा, साठीच्या आसपासचे, आणि ढोलकवर त्यांचाच पोरगा. पोरगा मोटारसायकलच्या अपघातात गेला. मंडळाचा ढोलकवालाच गेला, त्यामुळे त्याच्या तेरवीलाही धड भजन झालं नाही. पुढे दीड महिना गावात भजन बंद. मी अपघात विम्याच्या कागदांसाठी गेलो तेव्हा पेटी खाटेखाली पडलेली. बुवा म्हणाले, “साहेब, भाता उघडला की त्याचा ढोलक ऐकू येते. कायले हात लावू?”

मंडळातले चार-पाच जण आपसांत बोलले असावेत. एका गुरुवारी संध्याकाळी, बोलावणं नसताना, ते त्यांच्या अंगणात येऊन बसले. ढोलक नाही, पेटी नाही. नुसते टाळ आणि एक खंजिरी. बुवा बाहेर आले नाहीत. दाराच्या आत खाली मान घालून बसून राहिले. अर्धा तास झाला, मंडळी उठून गेली. चहाही घेतला नाही, कारण चहा मांडायला लावायचा नाही असं त्यांनी आधीच ठरवलं होतं. पुढच्या गुरुवारी पुन्हा तेच. असे सहा की सात गुरुवार गेले. एका गुरुवारी पावसामुळे कोणी आलं नाही, तर बुवांनी दुसऱ्या दिवशी एकाला रस्त्यात थांबवून विचारलं, “काल काऊन नाई आले?”

तिथून गोष्ट फिरली. काकड्याच्या सुमारास बुवांनी पेटी काढली. ढोलक शेजारच्या नववीतल्या पोराला दिला, तोही स्वतः होऊन नव्हे, बऱ्याच दिवसांनी. पोरगा अजून कच्चा आहे, ठेका सोडतो. बुवा त्याला मध्येच थांबवून रागावतात. मंडळी म्हणतात, पोरावर रागावतात म्हणजे बुवा आता बरे आहेत. एक विशिष्ट भजन मात्र ते अजून घेत नाहीत. कोणी आग्रहही करत नाही.

बाईचं इतकं सोपं झालं नाही. भाऊकीतल्या बायांनी तिला वर्ष होईपर्यंत बाहेर येऊ दिलं नाही. तिचं माहेर पैनगंगेपलीकडे, तिकडूनही कोणी फार येणारं नाही. वर्ष झाल्यावर महिला मंडळातल्या दोघीजणी येऊन तिला घेऊन गेल्या आणि हातात टाळ दिले. ती गात नाही. टाळ वाजवते. मी विचारलं तर म्हणाली, “गाता नाई येत, पन हात चालते तेवढा वेळ डोकं थांबते.” एवढंच.

यात सगळं सुटलं असं मी म्हणणार नाही. सोसायटीचं कर्ज तसंच आहे, विहिरीला पाणी कमी आहे, धाकट्याचं शिक्षण अडलेलं आहे. भजनाने कर्ज फिटत नाही आणि कापसाला भाव मिळत नाही. ज्याला भाव पाहिजे त्याला टाळ देऊन वाटेला लावणं ही चेष्टा होईल. तशी चेष्टा करणारे आहेत म्हणून हे स्पष्ट लिहितो. तसंच एखादा माणूस झोपत नाही, जेवत नाही, जगण्यात अर्थ नाही असं बोलतो, शेताकडे जाणं सोडतो, तर त्याला भजनाला नेऊन थांबू नका. त्याला एकटं सोडू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन जा. १४४१६ हा टेलि-मानसचा क्रमांक आहे, २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं. आपल्या जिल्ह्यात २०१५ मध्ये बळीराजा चेतना अभियान निघालं तेव्हा गावोगावी समित्या झाल्या होत्या. त्या समित्यांतल्या मंडळींनी हा क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यावा, एवढी विनंती.

खर्चाचंही बोललं पाहिजे. तेरवीच्या जेवणावळीसाठी उसने पैसे घेणारी घरं मी पाहिली आहेत. माणूस गेला, वर कर्ज. गाडगेबाबा जन्मभर याच्याविरुद्ध ओरडत राहिले आणि त्यांचे फोटो लावून आपण पंगती उठवतो. त्या घरचं पाचशे माणसांचं जेवण वाचवा आणि मंडळाने वर्षातून बारा वेळा जाऊन यावं, एका पैशाचा खर्च नाही. कोणत्या दिवशी जायचं? तारखा आपल्याला माहीतच आहेत. पहिली पेरणी. पहिला पोळा, कारण ज्या घरचा बैल सजवणारा गेला त्या घरी पोळ्याची संध्याकाळ फार जड जाते. सीतादहीचा दिवस, कापूस वेचायला सुरुवात करताना. पहिली दिवाळी. आणि वर्षाचा दिवस. या दिवसांत बाकीचं गाव आनंदात असतं, त्यामुळे त्या घराची आठवण कोणाला राहत नाही.

ग्रामपंचायतींना दोन गोष्टी सांगतो. एक म्हणजे समाजमंदिराची किल्ली. बऱ्याच गावांत सभागृह आहे, त्यात खताची पोती किंवा मंडपाचे बांबू भरलेले असतात, वीज बिल थकलेलं असतं. गुरुवारी तासभर ते उघडं मिळावं, दिवा लागावा. दुसरं, भजनी साहित्य. राज्य शासनाने २०२५ मध्ये १,८०० भजनी मंडळांना प्रत्येकी २५ हजार रुपये साहित्यासाठी देण्याचं ठरवलं. त्या यादीत आपल्या तालुक्याची नावं किती, हे प्रत्येक सरपंचाने विचारावं. तसंच ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनाची योजना आहे, २०२४ पासून महिन्याला ५ हजार. आपल्याकडचे किंगरी वाजवणारे, दंडारीतले म्हातारे ढोलकिये, भारूड करणारे यांना याची माहिती नसते, आणि आपण काही कलावंत आहोत असं त्यांना स्वतःलाही वाटत नाही. ग्रामसेवकांनी त्यांचे कागद करून पंचायत समितीत पोचवावेत. वाजवणाराच राहिला नाही तर अंगणात बसणार कोण?

मंडळांनाही एक. नवीन माणूस आला की त्याला मागे बसवून ऐकायला लावू नका. सूर येत नसला तरी हातात काहीतरी द्या, झांज द्या, चिपळी द्या, नाहीतर पाणी वाटायला सांगा. आणि बाईला आधी द्या.

वर सांगितलेल्या गावात परवा गेलो होतो, गुलाबी बोंडअळीसाठी कामगंध सापळे लावायचं सांगायला. काम आटोपलं तेव्हा मंडळाची बोलणी चालू होती. खालच्या वस्तीत एका घरची मायलेकरं नुकतीच एकटी पडलेली. तेरवी होऊन नऊ दिवस झाले होते. या आठवड्यात रात्रीची लाइन शेताला आहे, ओलीत करायला अर्धे लोक वावरात असतील, मग भजन सातला घ्यायचं की सकाळी, यावर वाद. बुवांचं म्हणणं पडलं, सातलाच घ्या, जेवढे येतील तेवढे. ढोलकवाल्या पोराची दुसऱ्या दिवशी घटक चाचणी होती. त्याच्या मायने आधी कुरकुर केली, मग म्हणाली, नेऊन आणा, पण साडेआठला घरी पाठवा.